कौतिक पाटलांच्या बागेत सोडलेल्या पाण्याबाबत

पोलीस दूरक्षेत्र, कोरवाडे, जि. जळगाव
दिनांक १९ एप्रिल १९९२, रविवार
सुरुवात सकाळी १० वाजून ५ मिनिटे

नाव: इंदिरा तोताराम वारके
वय: ६१ वर्षे
धंदा: टेलिफोन खात्यातून निवृत्त सुपरवायझर, सध्या शेती
राहणार: मौजे कोरवाडे, दूध डेअरीच्या मागे

दूरक्षेत्रात आपण होऊन हजर राहून, हवालदार रुपचंद यांच्या समोर सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे शिक्षण भुसावळला कॉन्व्हेंटमध्ये मॅट्रिकपर्यंत झाले. नंतर एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर काम केले आणि १९८९ साली निवृत्त झाले. वडिलांची साडेचार एकर जमीन आणि विहीर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझी दृष्टी, श्रवण आणि स्मरणशक्ती ठीक आहे. हे मुद्दाम लिहायला सांगते, कारण गुरुवारी मला दोनदा ‘आजी, नीट आठवून सांगा’ असे म्हणण्यात आले. मी कोणाची आजी नाही.

दिनांक १६ रोजी, गुरुवारी, मी याच टेबलापाशी एक जबाब दिला होता. माझ्याकडे पाणी सोडण्याचे काम करणारा भिका सुकदेव तायडे, वय ५४, याने माझ्या विहिरीचे पाणी चार दिवस चोरून कौतिक जीवराम पाटील यांच्या केळीच्या बागेत सोडले, असे त्यात लिहिले आहे. त्यावरून भिकाला त्याच दुपारी आणून बसवले. तो आजपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर आहे. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘चौकशीसाठी बोलावले’ असे लिहिले आहे. चौकशी चार दिवस कशी चालते आणि आतापर्यंत त्याला काय विचारले, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही.

माझ्या मोटारीचा स्टार्टर मुद्देमाल म्हणून त्याच दिवशी काढून आणला. तो या खोलीत कपाटावर ठेवलेला मला दिसतो आहे. त्यामुळे विहीर गुरुवारपासून बंद आहे. कौतिक पाटलांची बाराशे खोडांची बाग निसवलेली आहे, म्हणजे घड बाहेर पडले आहेत. एप्रिलच्या उन्हात अशा बागेला पाचव्या दिवसाच्या पुढे पाणी चुकले तर घड माना टाकतात. आज चौथा कोरडा दिवस आहे.

गुरुवारचा जबाब चुकीचा होता, असे सांगायला मी आज आले आहे. ‘गैरसमजातून तक्रार झाली, आता तक्रार नाही’ अशी एक ओळ लिहून सही करावी, म्हणजे सगळ्यांचे काम सोपे होईल, असे हवालदारांनी सुचवले. मी नकार दिला. झालेला प्रकार क्रमाने लिहून घ्यावा, आणि लोकांचे बोलणे ते जसे बोलले तसेच लिहावे, असे मी सांगितले व ते त्यांनी नाइलाजाने मान्य केले.

पाण्याच्या व्यवहाराबद्दल सांगते. कोरवाड्यात गेल्या सहा-सात वर्षांत बऱ्याच विहिरी आटल्या. माझ्या विहिरीला झरा आहे. पितांबर नथ्थू चौधरी यांच्या विहिरीलाही आहे. ज्यांना पाणी नाही ते या दोन विहिरींवरून घेतात. पितांबर चौधरी पाण्याबद्दल पिकाचा तिसरा वाटा घेतात. केळी कापणीला आली की त्यांचा माणूस बागेत येऊन तिसऱ्या भागाचे घड मोजून नेतो. याला गावात ‘पाणी देणे’ म्हणतात. पितांबरभाऊ पाणी देतात.

मी १९९० साली माझ्या मोटारीच्या खोलीवर पाटी लावली: ‘एक तास, बारा रुपये. वेळ घड्याळाप्रमाणे.’ याला गावात ‘पाणी विकणे’ म्हणतात. पाटी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वडीलधारी माणसे माझ्या ओट्यावर आली. त्यांतले भटूआबा मला म्हणाले, “अक्का, पाणी काय दूध हाये मापून द्यायले?” मी म्हणाले, “आबा, दुधात तुम्ही पाणी घालता. मी पाण्यात काही घालत नाही.” बाकीचे तिघे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, “देवाचं पाणी विकून कोनाचं भलं नही झालं.” मी विचारले की पितांबर चौधरी तिसरा वाटा घेतात तेव्हा पाणी कोणाचे असते. त्यावर आबांनी सांगितले, “तो वाटा हाये. पीक बुडालं तं त्याचाबी वाटा बुडते. तू तं पीक बुडालं तरी बारा रुपये घेशीन.” हे खरे होते. पाटी मी काढली नाही.

पुढच्या हंगामात तेच चौघे माझ्याकडे तासावर पाणी घ्यायला आले. बारा रुपये खाली ठेवून जात, हातात देत नसत.

कौतिक पाटलांची विहीर मागच्या वर्षी आटली. आधी ते पितांबर चौधरींकडून वाट्याने पाणी घेत होते. ही बाग लावल्यावर त्यांनी ते सोडले आणि माझ्याकडे तासावर आले. या गोष्टीवरून पितांबर चौधरी आणि त्यांचे बोलणे बंद होते, असे मी ऐकले आहे. मी स्वतः पाहिलेले एवढेच, की दोघे डेअरीत एका रांगेत उभे असले तरी एकमेकांकडे बघत नसत.

भिका तायडे माझ्याकडे तीन वर्षे आहे. त्याला लिहिता येत नाही. त्यासाठी मी पद्धत घालून दिली होती. मोटार जितके तास चालेल तितक्या कोळशाच्या रेघा त्याने मोटारीच्या खोलीच्या दारावर ओढायच्या, रेघांच्या वर ज्याला पाणी दिले त्याची खूण काढायची. कौतिक पाटलांची खूण बैलाचे शिंग होती. तीन वर्षांत मी अनेकदा अचानक जाऊन घड्याळाशी ताळा केला. एकदाही चूक सापडली नाही. चूक सापडत नाही याचाही मला संशय येत असे.

कौतिक पाटील दिनांक ११ रोजी, शनिवारी पहाटे, छातीत दुखून वारले. वय पन्नासच्या आत होते. घरी त्यांची पत्नी धुरपदाबाई आणि दोन लग्नाच्या मुली आहेत. मुलगा नाही. त्यांची बहीण झुंबरबाई शेजारच्या गावाहून येऊन राहिली आहे. मी रविवारी दिनांक १२ रोजी सकाळी सव्वानऊला भेटायला गेले. भिका माझ्याबरोबर छत्री घेऊन आला होता, तो अंगणात थांबला. मी पंधरा मिनिटे बसून परत आले.

सोमवारी दिनांक १३ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी डेअरीवर असताना पितांबर चौधरी जवळ आले. एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत. ते म्हणाले, “अक्का, तुमची मोटार जोरात चालून राह्यली आजकाल.”

मी म्हणाले, “चालू देत. मोटार आहे.”

“नही, म्हनजे कौतिकच्या बागेत पानी दिसलं. काल बी, आज बी. तुम्हाले माहीत असनच.”

“मला माहीत नाही.”

“मंग जाऊ द्या. माह्या तोंडून कोनाचं पोट नको जायले. भिका साधा मानूस हाये.” मग ते म्हणाले, “साध्या मानसाचं काय सांगता येते?”

एवढे बोलून ते दुधाचा डबा घेऊन गेले. मी त्या वेळी त्यांच्याबद्दल संशय घ्यायला हवा होता. मी भिकाबद्दल घेतला.

मंगळवारी दिनांक १४ रोजी मी दुपारी अडीच वाजता शेतावर गेले. त्या दिवशी जयंती असल्याने भिकाला सुट्टी होती. दरवर्षी तो त्या दिवशी कोणाच्याही शेतावर पाऊल टाकत नाही. मागच्या वर्षी मी दुप्पट मजुरी देऊ केली तेव्हा तो म्हणाला होता, “बाई, तीनशे चौसष्ट दिवस तुमचे. हा माहा.” मला शेतावर मोटार चालू दिसली. भिका पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि खांद्याला निळी पट्टी अशा पोशाखात कौतिक पाटलांच्या बांधावर उकिडवा बसून दांडाचे, म्हणजे पाटाचे, पाणी वळवत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता. गावातून मिरवणुकीचा ताशा ऐकू येत होता. मी आल्याचे त्याला दिसले नाही. मी मोटारीच्या खोलीपाशी गेले. दारावर शनिवारनंतर एकही रेघ नव्हती. शिंगाची खूणही नव्हती.

ज्या दिवशी तो माझ्यासाठी येत नाही त्या दिवशी कोणासाठी आला, असा विचार माझ्या मनात आला. त्याचे उत्तर मी मनातच दिले: स्वतःच्या कमाईसाठी. नवरा गेलेल्या घरी हिशेब विचारणारे कोणी नाही, तासाचे पैसे भिका परस्पर घेत असणार. हा माझा तर्क होता. गुरुवारच्या जबाबात तो वस्तुस्थिती म्हणून लिहिला गेला. हवालदारांनी त्यात भर घातलेली नाही. मी जसे सांगितले तसेच त्यांनी लिहिले.

बुधवारी दिनांक १५ रोजी मी भिकाला ओट्यावर बोलावून विचारले. तेव्हाचे बोलणे मला शब्दशः आठवते.

“रविवारपासून कौतिक पाटलांच्या बागेत पाणी सोडलेस?”

“हो.”

“किती तास?”

“मोजले नही.”

“का मोजले नाहीत?”

तो म्हणाला, “मोजायचे व्हते का?”

मला हे उर्मट वाटले. “पैसे कोणी घेतले?” असे मी विचारले. त्यावर त्याने टोपी डोक्यावर घातली आणि उभा राहिला. “बोल,” असे मी दोनदा म्हणाले. तो म्हणाला, “तुम्ही इचारून राह्यल्या, मंग काय बोलू?” आणि पायऱ्या उतरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी येथे आले.

गुरुवारी मी जबाब देत असताना पितांबर चौधरी याच खोलीत खुर्चीवर बसलेले होते. त्यांचे येथे काय काम होते ते मला माहीत नाही. त्यांना चहा आणला गेला. मी निघताना ते म्हणाले, “अक्का, तुम्ही हिंमत केली. नही तं चोर सोकावतात.” मी त्यांचे आभार मानले.

काल शनिवारी दिनांक १८ रोजी सकाळी साडेआठला भिकाची पत्नी लिलाबाई माझ्याकडे आली. ती ओट्याखाली उभी राहिली. वर ये म्हटले तर आली नाही. ती रडत नव्हती. तिने विचारले, “बाई, त्याचा डबा मी देऊ का तुम्ही देनार? नही, तुम्हीच बसवला तिथं, म्हनून इचारलं.”

मी म्हणाले की चोरी केली असेल तर चौकशी होणारच.

“चोरी कोनाची? तुम्हीच तं बोलल्या.”

“मी काय बोलले?”

“धुरपदाकाकूच्या घरी. मी अंगनात लाकडं रचून राह्यली व्हती. बठ्ठ्या बायांनी ऐकलं.”

“काय ऐकलं?”

“आता मी सांगू तुमचं बोलनं तुम्हाले?” असे म्हणून ती गेली. डबा तिच्या हातात होता. तो घेऊन ती या दूरक्षेत्राच्या दिशेने गेली.

लिलाबाईला कोणी शिकवून पाठवले असावे असा मला संशय आला. म्हणून मी साडेनऊ वाजता कौतिक पाटलांच्या घरी गेले. तेथे झुंबरबाई भेटल्या. मी मुद्दाम काही सूचित केले नाही. एवढेच विचारले, “रविवारी मी इथे बसले होते तेव्हा काय बोलले, तुम्हाला आठवतं का?”

झुंबरबाई म्हणाल्या, “असं काहून इचारता? बोलल्या नही का तुम्ही वयनीले, ‘बागेची काळजी करू नका, पाणी आहे.’”

हे वाक्य ऐकताच ते माझेच आहे हे मला कळले. कोरवाड्यात ‘काळजी करू नका’ कोणी म्हणत नाही, ‘फिकर नका करू’ म्हणतात. शिवाय मी ते बोलले हे मला आठवले. माझ्या दृष्टीने ते भेटायला गेल्यावर बोलायचे वाक्य होते. एकतीस वर्षे मी बोर्डावर बसून, पलीकडची लाईन सकाळपासून बंद आहे हे माहीत असताना, ‘लगेच जोडून देते, आपण थांबा’ असे लोकांना सांगत आले. माणसे थांबत. त्यांतली काही कोणाच्या मरणाची बातमी द्यायला थांबलेली असत. कोरवाड्यात त्या रविवारी मी तसेच एक वाक्य बोलले आणि घरी येऊन जेवले.

झुंबरबाईंनी पुढे जे सांगितले ते असे. येथे रीत आहे की घरात माणूस गेले तर दहाव्यापर्यंत त्या घरची चूल शेजारचे सांभाळतात आणि शेताचे पाणी विहीरवाला सांभाळतो. मात्र विहीरवाल्याने स्वतः घरी येऊन तसे बोलावे लागते. कोणी मागत नाही. एकदा तो बोलला की दहाव्यापर्यंत त्या पाण्याला तास नाही, वाटा नाही, मोजणे नाही. बोलला नाही तरी कोणी नाव ठेवत नाही.

मी विचारले, “मग मला हे कोणी सांगितलं का नाही?”

त्या म्हणाल्या, “दिलेलं पानी सांगाचं कसं, अक्का? सांगतलं तं मागतल्यासारखं दिसते.” मग म्हणाल्या, “आमाले तं नवल वाटलं. पाटी लावनारी बाई सोताहून बोलली. वयनी त्या दिशी पहिल्यांदा घोटभर च्या प्यायली.”

मी विचारले की त्या वेळी तेथे आणखी कोण बसले होते. झुंबरबाईंनी सहा-सात नावे सांगितली. त्यांत भटूआबा होते आणि पितांबर चौधरी होते. मी उठून गेल्यावर पितांबर चौधरी सर्वांसमोर म्हणाले, “चला, अक्कानं पानी देल्लं. कौतिकची बाग तरली.” हे वाक्य एकट्या झुंबरबाईंचे आहे असे समजू नये. काल दुपारी मी भटूआबांनाही स्वतंत्र विचारले. त्यांनीही हेच वाक्य, याच शब्दांत सांगितले. दोघांची भेट त्या दरम्यान झालेली नव्हती, याची मी खात्री केली आहे.

म्हणजे पितांबर चौधरी यांनी रविवारी माझे बोलणे समोर बसून ऐकले, त्याचा अर्थ इतरांना सांगितला, आणि सोमवारी संध्याकाळी डेअरीवर मला येऊन विचारले की तुम्हाला माहीत असेलच. मला माहीत नाही हे त्यांना कळावे यासाठीच ते आले होते, असा माझा संशय आहे. तर्काला वस्तुस्थिती म्हणण्याची चूक मी एकदा केली आहे, म्हणून ‘संशय’ हाच शब्द लिहावा.

पुढील गोष्ट मात्र वस्तुस्थिती आहे. शुक्रवारी दिनांक १७ रोजी, माझा स्टार्टर काढून नेल्याच्या दुसऱ्या दिवशी, पितांबर चौधरींचा माणूस कौतिक पाटलांच्या दारात गेला. बाग वाळण्याआधी चौधरींच्या विहिरीचे पाणी घ्यावे, या वेळी अर्धा वाटा पडेल, असा निरोप त्याने दिला. घरात तेव्हा सातवा दिवस होता. झुंबरबाईंनी त्याला दहावे होऊ दे म्हणून परत पाठवले. दहावे उद्या सोमवारी आहे. धुरपदाबाईंच्या थोरल्या मुलीचे लग्न या बागेवर ठरलेले आहे. पाणी नसेल तर उद्या त्या अर्ध्या वाट्याला हो म्हणतील. अकरा महिने वाढवलेल्या बागेचा अर्धा माल पितांबर चौधरींना शेवटच्या दोन महिन्यांच्या पाण्यात मिळेल, आणि त्यासाठी लागणारा कागद मी या टेबलावर सही करून दिला आहे.

आज सकाळी जबाब सुरू होण्याआधी मी व्हरांड्यात भिकाशी बोलले. हवालदार तेथे उभे होते. मी विचारले, “मी बोलले होते, हे तू बुधवारी मला का सांगितलं नाहीस?”

तो म्हणाला, “मले वाटलं तुम्ही फिरल्या.”

“मग इथे पोलिसांना तरी सांगायचं.”

“सांगून काय? मी म्हनलो असतो बाई बोलल्या. तुम्हाले इचारलं असतं तं तुम्ही नही म्हनल्या असत्या. मंग मी चोरबी आन खोटाबी. एकच पुरे, म्हनलं.”

मी त्याला सांगितले की मी असे खोटे बोलले नसते. परंतु गुरुवारी मला कोणी विचारले असते की तुम्ही हे पाणी दिले होते का, तर मी प्रामाणिकपणे नाही म्हणाले असते. त्यामुळे त्याचा अंदाज बरोबर होता, हे लिहून घ्यावे.

मी त्याला असेही विचारले की जयंतीच्या दिवशी का आलास. तो म्हणाला, “दोन ते सहाच लाइट व्हती. बाग काय सुट्टीवर व्हती?”

हवालदारांनी मला विचारले की गुरुवारच्या जबाबात चोरीस गेलेल्या पाण्याची किंमत लिहिली आहे, तिचे आता काय करायचे. त्या पाण्याला किंमत नव्हती. तो आकडा मी माझ्या पाटीवरून लावला होता. आकडा खोडू नये, तसाच राहू द्यावा आणि शेजारी या जबाबाचा हवाला द्यावा. पहिला जबाब फाडून टाकू, म्हणजे कटकट मिटेल, असेही मला सांगण्यात आले. तो फाडू नये. तो फाटला तर भिका चार दिवस येथे कशासाठी बसला होता, याचा काही कागद राहणार नाही.

भिका सुकदेव तायडे याने चोरी केलेली नाही. त्याने मी सर्वांसमोर दिलेले पाणी मी सांगितल्याप्रमाणे पोचवले. त्याला या जबाबावर सही होताच घरी जाऊ द्यावे. पितांबर नथ्थू चौधरी यांचाही जबाब घ्यावा. त्यांना खुर्ची द्यायची की बाक, हे दूरक्षेत्राने ठरवावे. परंतु भिकाला चार दिवस जे मिळाले त्याच्याशी ते जुळावे.

स्टार्टर मला आज दुपारी एक वाजेपर्यंत परत हवा आहे. मुद्देमाल वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय सोडता येत नाही आणि आज रविवार आहे, असे हवालदार सांगतात. गुरुवारी तो कोणाच्या हुकुमाने काढला, तो हुकूम मला दाखवावा. दाखवता येत नसेल तर परत देण्यासाठीही हुकूम लागू नये. यावर हवालदार त्यांच्या साहेबांना फोन लावायला उठले आहेत. लाईन लागत नाही. मी थांबले आहे.

वीज आज दोन ते सहा आहे. स्टार्टर मिळाला नाही तर मी भटूआबांचा मागून आणणार आहे, ते हो म्हणाले आहेत. मोटार मी स्वतः चालू करणार आहे. आज चार तास आणि उद्या दहाव्याच्या दिवशी चार तास पाणी कौतिक पाटलांच्या बागेत जाईल. दारावर रेघ ओढली जाणार नाही. याबद्दल कोणी तक्रार घेऊन आल्यास आरोपी म्हणून माझे नाव लिहावे. पत्ता वर दिलेला आहे.

भिका यापुढे माझ्याकडे कामाला राहील की नाही ते मला माहीत नाही. मी त्याला विचारले. तो म्हणाला, “पहिले घरी जाऊ द्या.”

जबाब ११ वाजून ५० मिनिटांनी संपला. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला, व्हरांड्यातही ऐकू गेला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. दोन ठिकाणी त्यांनी ‘भिका’च्या पुढे ‘आरोपी’ लिहिले होते, ते मी खोडून घेतले व तेथे सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे असून खरा आहे. गुरुवारचा जबाबही मला असाच वाचून दाखवला होता आणि तोही खरा आहे म्हणून मी सही केली होती.

इंदिरा तोताराम वारके